गुलाबाचा वास, रसायनशास्त्राची पदवी आणि भट्टीचं कोटेशन

वाई तालुक्यातल्या एका पालकांचं पत्र आहे. वीस गुंठ्यांचं पॉलिहाऊस, त्यात डच गुलाब. दर पडला की दिवसाला चाळीसेक किलो फुलं उकिरड्यावर जातात. मुलगी साताऱ्यात बी.एस्सी. रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला. प्रोजेक्टसाठी तिनं आणलेल्या बाटलीला गुलाबाचा वास येतो आणि बाटलीवर 'फिनाईल इथाईल अल्कोहोल' असं लिहिलंय. ते विचारतात : हा वास नकली का? यात मुलीचं करिअर होईल का? आणि मेहुणे म्हणतात तशी अत्तराची भट्टी बसवली तर फुलं आणि मुलगी दोन्ही मार्गी लागतील का?

नमस्कार. भट्टीचा विषय आधी संपवू, कारण त्यात तुमचे पैसे अडकायच्या बेतात आहेत. डच गुलाब लांब दांडा, घट्ट कळी आणि फुलदाणीतला टिकाऊपणा पाहून निवडत आणलेला आहे. त्या निवडीत वास मागे पडला. तेलाला दमास्क जातीचा गुलाब लागतो. त्याच्याही पहाटे तोडलेल्या साडेतीन ते चार टन पाकळ्यांतून जेमतेम एक किलो तेल निघतं. म्हणजे तुमची चाळीस किलो फुलं दमास्क असती तरी हाती आले असते दहा ग्रॅम. डच गुलाबातून तेवढंही नाही. शिवाय भुरी आणि थ्रिप्ससाठी केलेली फवारणी पाकळ्यांवर असतेच, त्यामुळे गुलाबपाणी किंवा गुलकंदाचाही विचार नको. उरलेल्या फुलांचं खत करा. मेहुण्यांचा राग मी ओढवून घेतो.

आता बाटली. तिच्यातलं फिनाईल इथाईल अल्कोहोल हा ताज्या गुलाबाच्या वासातला एक मुख्य घटक. कारखान्यात बनलेला रेणू आणि पाकळीतला रेणू यांत रचनेचा काही फरक नाही, म्हणून 'नकली' हा शब्द बसत नाही. मात्र तो विकताना लेबलवर 'नैसर्गिक' लिहिलं तर ती फसवणूक. पेट्रोलियमपासून आलेल्या कार्बनमध्ये कार्बन-१४ (सजीवांत असणारा, काळाबरोबर संपत जाणारा किरणोत्सारी कार्बन) उरलेला नसतो, त्यामुळे ती पकडताही येते.

मुलीला कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक गोष्ट करून पाहायला सांगा. १०० मिली पाण्यात या द्रवाचा एक ग्रॅम घालून हलवायचा, तो विरघळतो. पाच ग्रॅम घातले तर दोनेक ग्रॅम विरघळतात आणि बाकीचे थेंब तळाशी बसतात, कारण घनता पाण्याहून किंचित जास्त आहे, १.०२ च्या आसपास. अत्तराच्या धंद्यातली एक मोठी गोष्ट या ग्लासात दिसते. गुलाब वाफेवर ऊर्ध्वपातित केला की हा घटक पाण्यात निघून जातो. म्हणून गुलाबपाण्याला इतका वास, आणि भट्टीच्या तेलात हा जेमतेम एक ते तीन टक्के. तेच द्रावकानं काढलेल्या ॲब्सोल्यूटमध्ये, म्हणजे दाट सुगंधी अर्कात, तो निम्म्याहून अधिक सापडतो. फूल एकच, पण काढायची पद्धत बदलली की वास बदलला. हे 'का' तिला खुणावत असेल तर ती योग्य वाटेवर आहे. नुसत्या सुंदर बाटल्या खुणावत असतील, तर पुढचं नीट वाचा.

या धंद्यात शिरायला दारं बरीच आहेत. सगळ्यांना 'परफ्युमर', म्हणजे वास रचणारा, एवढं एकच ठाऊक असतं आणि तेच सगळ्यात अरुंद आहे.

पहिलं दार उत्पादनाचं. हा रेणू बेंझिन आणि इथिलीन ऑक्साईडपासून ॲल्युमिनियम क्लोराईड वापरून बनतो. इथिलीन ऑक्साईड अकराएक अंशांना उकळतं, पेट घेतं आणि विषारी आहे; बेंझिन कर्करोगकारक. त्यामुळे तापमान खाली ठेवायचं आणि बेंझिन भरपूर ठेवायचं, नाहीतर नको ते जोडपदार्थ वाढतात. दुसरी पद्धत स्टायरीन ऑक्साईडच्या हायड्रोजनेशनची, म्हणजे त्याला हायड्रोजन जोडण्याची. तिथे अभिक्रिया अर्धवट राहिली तर फिनाईल ॲसिटाल्डिहाईड उरतं आणि गुलाबाऐवजी हिरवट, हायसिंथच्या फुलासारखा वास पुढे येतो. शेवटी निर्वात ऊर्ध्वपातन : साध्या दाबाला हा २१९ अंशांवर उकळतो, १२ मिमी (पारा) दाबाला शंभराच्या आसपास. इथे केमिकल इंजिनिअर किंवा ऑरगॅनिकमधला एम.एस्सी. लागतो, आणि शिफ्टची तयारी. सुगंधी रसायनांचे कारखाने महाड आणि कुरकुंभला आहेत. महाबळेश्वरवरून घाट उतरला की महाड, म्हणजे तुम्हाला लांब नाही.

दुसरं दार तपासणीचं, आणि तुमच्या मुलीसाठी मला हेच सगळ्यात खात्रीचं वाटतं. आलेल्या ड्रमवर गॅस क्रोमॅटोग्राफी (घटक वेगळे करून मोजणारी चाचणी) करायची, घनता आणि अपवर्तनांक (द्रवात प्रकाश किती वळतो तो आकडा) पाहायचा. फिनाईल इथाईल अल्कोहोलचा अपवर्तनांक २० अंशांना १.५३२ च्या आसपास येतो. तो मोजणारा ॲबे रिफ्रॅक्टोमीटर तिच्या कॉलेजात असणारच. आकडा खाली घसरला तर कुणीतरी स्वस्त द्रावक मिसळलाय : डायप्रॉपिलिन ग्लायकॉलचा १.४४, डायइथाईल थॅलेटचा १.५०. पण क्रोमॅटोग्राफ ९९ टक्क्यांच्या वर शुद्धता दाखवतो आणि तरी ड्रम परत जातो, असंही घडतं. तो उरलेला अर्धा टक्का नाकाला टोचतो. मशीन आणि नाक दोन्ही चालवणारा माणूस म्हणूनच हवा असतो. यासाठी शिवाजी विद्यापीठात ॲनालिटिकल किंवा ऑरगॅनिकमध्ये एम.एस्सी. पुरेसं आहे.

तिसरं दार वास रचण्याचं. मुलुंडच्या वझे महाविद्यालयात परफ्युमरी आणि कॉस्मेटिक्स व्यवस्थापनाचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, मुंबईत माटुंग्याच्या आयसीटीत (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) परफ्युमरी-फ्लेवर तंत्रज्ञानाचं एम.टेक., आणि कनौजच्या सरकारी सुगंध केंद्रात, म्हणजे एफएफडीसीत, छोटे कोर्स. पात्रता आणि शुल्क त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहा. 'दोन दिवसांत चाळीस फॉर्म्युले' देणाऱ्या शिबिरांना पैसे देऊ नका. फॉर्म्युला कागदावर मिळतो, पण त्यातला कुठला घटक कमी पडला हे सांगणारं नाक तयार व्हायला वर्षं जातात.

ते नाक आहे का, हे सहा महिन्यांत घरीच कळतं. गुलाबाच्या वासातले पाच पदार्थ प्रत्येकी दहा-दहा ग्रॅम घ्या : हा फिनाईल इथाईल अल्कोहोल, जिरॅनिऑल, सिट्रोनेलॉल, रोज ऑक्साईड, डॅमॅसेनोन. मोजायचे ते ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर. ड्रॉपरनं थेंब मोजले तर प्रमाण कधीच जुळत नाही. पहिल्या तिघांचा एक ग्रॅम नऊ ग्रॅम डायप्रॉपिलिन ग्लायकॉलमध्ये. रोज ऑक्साईड एक टक्का, डॅमॅसेनोन ०.१ टक्का. त्याहून तीव्र ठेवलं तर डॅमॅसेनोन बाकीच्यांना गिळतं आणि दिवसभर नाकातून जात नाही. कागदी पट्टीवर थेंब, मागे नाव, आणि लगेच, तासानं, दुसऱ्या दिवशी काय वाटलं ते वहीत. पट्ट्या उलट्या करून ओळखायच्या. तीन महिन्यांनी पाचपैकी पाच बिनचूक येऊ लागले की तिला जिरॅनिऑल आणि सिट्रोनेलॉलमधला फरक शब्दांत लिहायला सांगा. पहिला कोरडा, पानाकडे झुकणारा. दुसरा मऊ, पाकळीकडे. स्वतःचे शब्द सापडले तर मुलुंड किंवा माटुंग्याचा अर्ज भरावा, नाहीतर तपासणीची वाट उघडीच आहे.

पहिल्याच दिवशी हातमोजे आणि चष्मा. निखळ द्रव डोळ्यात गेला तर चांगला जळजळतो, आणि जिरॅनिऑल-सिट्रोनेलॉलची काही जणांच्या त्वचेला ॲलर्जी येते. बाटल्या झाकण घट्ट लावून अंधाऱ्या कपाटात ठेवायच्या. घरातल्या डाळ-तांदळाजवळ अजिबात नको.