दत्तक जाण्याआधी आईशी बोल

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. काकू तुला दत्तक घेऊ म्हणतात आणि तुझा प्रश्न एका ओळीचा: एकोणतिसाव्या वर्षी असं काही होतं का? होतं. पण तू विचारलेला प्रश्न सोपा आहे. न विचारलेला अवघड आहे, म्हणून फोन न करता सविस्तर लिहितोय.

आधी सोपा. १९५६चा हिंदू दत्तक कायदा म्हणतो की दत्तक जाणारा पंधरा वर्षांच्या आतला आणि अविवाहित असावा. मात्र त्यातच पुढे सोय ठेवली आहे, रूढी असेल तर ही अट लागू नाही. आपल्याकडे ती रूढी आहे, आणि आजकालची नाही. मूळच्या पैठणच्या आणि काशीला जाऊन स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठ भट्टांनी सतराव्या शतकात ‘व्यवहारमयूख’ हा हिंदू धर्मशास्त्रातल्या कायद्यावरचा ग्रंथ लिहिला. लग्न झालेला, इतकंच काय मुलगा झालेला माणूससुद्धा दत्तक जाऊ शकतो, असं आपल्या वडिलांचं मत त्यांनी त्यात नोंदवलं आहे. इंग्रजी अमदानीत मुंबईच्या न्यायालयाने हाच ग्रंथ प्रमाण धरला. पुढे १९९१मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मुंबईकडची ही रूढी मान्य केली. त्यामुळे तुझ्या वयाची अडचण नाही. काकू विधवा असल्याने आणि तू पुरुष असल्याने दोघांत किमान एकवीस वर्षांचं अंतर लागतं, तेही भरपूर आहे. (मुलीचं वय पंधराच्या पुढे असेल तर मात्र हीच रूढी डोळे झाकून लावता येत नाही. तुझ्या मैत्रिणींपैकी कोणी विचारलं तर माझ्याकडे पाठव.)

कोल्हापूरचं उदाहरण तुला ठाऊक असेल. छत्रपती राजाराम महाराज १९४०मध्ये गेले. नंतर दत्तक घेतलेले बाळ शिवाजी महाराज १९४६मध्ये वारले, आणि १९४७मध्ये गादीवर दत्तक आले ते देवास संस्थानाच्या थोरल्या पातीचे, म्हणजे थोरल्या शाखेचे, महाराज विक्रमसिंहराव पवार. हे शाहू महाराजांच्या मुलीचे चिरंजीव. वय छत्तीसच्या पुढे, स्वतः एका संस्थानाचे राजे, घरात मुलगा. ते कोल्हापूरला आले आणि शहाजी महाराज झाले. मुलगा कृष्णाजीराव देवासलाच राहून तिथल्या गादीवर बसले. बाप एका घरात, मुलगा दुसऱ्या. जुन्या शास्त्राचा नियमच तसा होता: दत्तकाआधी जन्मलेलं मूल बापाच्या मागे नव्या घरात येत नाही. तुझं लग्न अजून व्हायचंय हे त्या दृष्टीने बरंच म्हणायचं.

आता अवघड भाग. दत्तक घेतलं जातं असं आपण बोलतो, पण कायदा आधी विचारतो की दिलं कोणी? एकोणतीस वर्षांचा, पगार कमावणारा, स्वतःचं मत असलेला माणूसही स्वतःला दत्तक देऊ शकत नाही. वडिलांनी किंवा आईने द्यावं लागतं, आणि दुसऱ्याची संमती लागते. आई-वडील दोघंही हयात नसतील तर मोठ्या माणसाचं दत्तकविधान तिथेच अडतं, थोरला भाऊ कितीही तयार असला तरी. तुझे दोघंही आहेत. म्हणजे तुझ्या आईला एका कागदावर सही करावी लागेल, की हा आजपासून माझा मुलगा राहिला नाही.

हे शब्द मी मुद्दाम कडक लिहितोय. काकू घरातल्याच, आडनाव तेच, कुलदैवत तेच, वाडाही शेजारचा, म्हणून सगळ्यांना वाटतंय की यात बदलतंय काय? फक्त नावातला मधला शब्द. विधवेने घेतलेला दत्तक तिच्या वारलेल्या नवऱ्याचाही मुलगा ठरतो, असं सर्वोच्च न्यायालयाच्या १९६७च्या निकालात आहे. तेव्हा तुझ्या नावापुढे धाकट्या काकांचं नाव लागेल. आणि त्या एका शब्दाबरोबर आई काकू होईल, काकू आई होईल, तुझा पाठचा भाऊ कागदावर चुलत भाऊ होईल. आई-वडिलांनी मृत्युपत्र करून काही ठेवलं तर ठेवलं, एरवी तू त्यांचा वारस नाहीस. आजवर तुझ्या नावावर झालेलं तुझंच राहील, वाकडचा फ्लॅट त्याच्या हप्त्यांसकट. एकदा नीट झालेलं दत्तक रद्द होत नाही. काकूंना पुढे पश्चात्ताप झाला तरी नाही, तुला परत यावंसं वाटलं तरी नाही. नवरा-बायकोला घटस्फोट आहे, दत्तकाला नाही.

म्हणून काकूंना नेमकं काय हवंय ते आधी काढून घे. थेट विचारू नकोस, त्या ‘तुझं भलं व्हावं’ एवढंच म्हणतील. संध्याकाळी अंगणात बसतात तेव्हा शेजारी बस आणि बोलू दे. शेत आणि वाडा तुला मिळावा एवढंच मनात असेल तर मृत्युपत्र पुरतं. दोन साक्षीदार, एक नीट लिहिलेला कागद, नोंदवला तर उत्तम. म्हातारपणी कोणी बघावं ही काळजी असेल तर बक्षीसपत्रात सांभाळ करण्याची अट स्पष्ट लिहिता येते. सांभाळ झाला नाही तर २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली ते बक्षीसपत्र रद्दही करून घेता येतं. आजारपणात बँकेची कामं करायला कुलमुखत्यारपत्र आहे. यातल्या कशासाठीही तुझ्या आईला मुलगा द्यावा लागत नाही. पण काकांचं नाव पुढे चालावं, आपल्याला कोणीतरी हक्काने आई म्हणावं, असं त्यांच्या पोटात असेल तर त्याला दुसरा कागद नाही. माझा कल विचारशील तर अशा वेळी जावं. मात्र वाड्यासाठी दत्तक जाऊ नये. आणि एक लक्षात ठेव, दत्तक घेतल्यानंतरही काकूंना आपली मिळकत विकायला किंवा दुसऱ्याला लिहून द्यायला कायदा अडवत नाही. वाडा मिळेलच या हिशोबाने गेलेले नंतर हात चोळत बसलेले मी पाहिलेत.

भावकीचं काय, हे तू लिहिलंच नाहीस. काकूंकडची शेती काकांकडून आलेली. त्या मूलबाळ आणि मृत्युपत्र नसताना गेल्या तर ती काकांच्या वारसांकडे जाते, म्हणजे थोरले काका आणि तुझे वडील. तू दत्तक गेलास की थोरल्यांची ती आशा संपली. ते आज हसून ‘चांगलं झालं’ म्हणतील. फेरफाराची नोटीस आली की तलाठ्याकडे हरकत घेतील, आणि पुढे दाव्यात पहिला मुद्दा हाच की दत्तकविधान झालंच नाही, नुसता कागद केलाय.

आणि खरोखर बरेच जण नुसता कागदच करतात. दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन दत्तकपत्र नोंदवायचं आणि येताना मिसळ खाऊन घरी. नोंदलेलं दत्तकपत्र देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांच्या सहीचं असेल तर न्यायालय दत्तक झालंय असं गृहीत धरतं, हे खरं. पण ते गृहीत खोडता येतं. देणं-घेणं प्रत्यक्ष व्हावं लागतं. दत्तहोम, म्हणजे दत्तक घेतानाचा होम, केलाच पाहिजे असं कायदा म्हणत नाही, तरी मी करायला सांगतो, कारण होमाला माणसं जमतात. लहान मूल मांडीवर घेता येतं. तुझ्यासारखा पावणेसहा फुटी गडी काकूंच्या मांडीवर कसा बसणार? तेव्हा दोन पाट शेजारी मांडायचे. वडिलांनी तुझा हात धरून काकूंच्या हातात द्यायचा आणि तोंडाने म्हणायचं की दिला. काकूंनी म्हणायचं की घेतला. त्यांनी तुझं मस्तक हुंगायचं, तोंडात साखर घालायची. नेमका हात हातात देतानाचा फोटो हवा, आणि त्यात थोरले काका दिसायला हवेत. उलटतपासणीत वकील विचारतो, पाट कुठल्या खोलीत होते, मुलगा कोणत्या बाजूला बसला होता, जेवायला काय होतं? एका दाव्यात दोन साक्षीदारांपैकी एकाने पुरणपोळी सांगितली आणि दुसऱ्याने श्रीखंड, आणि समोरच्या वकिलाने त्यावर अर्धा दिवस काढला. तेव्हा थोरल्यांना नुसतं बोलावू नकोस, स्वतः जाऊन आमंत्रण दे, आणि दत्तकपत्रावर साक्षीदार म्हणून त्यांचीच सही घेता आली तर बघ.

दत्तकपत्रात रूढीचा उल्लेख हवा, तुझं वय लपवायचं नाही. देण्याघेण्याची तारीख आणि जागा खरी लिहायची. आई-वडिलांना या निमित्ताने काकूंनी पैसे द्यावेत अशी कोणी टूम काढली तर तिथेच थांबव. दत्तकापोटी पैसे देणं-घेणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. नावाचा बदल राजपत्रात देऊन आधार, पॅन, पासपोर्ट एकामागून एक करून घ्यावे लागतील, आणि जुन्या नावाच्या पदव्यांसोबत राजपत्राची प्रत कायम ठेवावी लागेल. हे कंटाळवाणं आहे, कठीण नाही.

भटजींना मुहूर्त विचारायची घाई नको. या शनिवारी गावी जा. वडील हो म्हणतील, धाकट्या भावाच्या घरात दिवा लागतोय म्हटल्यावर त्यांना नाही म्हणवणार नाही. आईला वेगळं गाठ. ती ‘मला काय, तुमचं तुम्ही ठरवा’ म्हणाली तर त्याला संमती समजू नकोस. तिच्याशी बोलणं झाल्यावर दोघी जावांना घेऊन कराडला माझ्याकडे ये. येताना काकांचा मृत्यूचा दाखला, काकूंचा जन्माचा किंवा शाळेचा दाखला, वाटणीचा कागद आणि चालू सातबारा आण. मसुदा मी करीन, फी घेणार नाही.

तुझा,
वकीलकाका