प्रवासाचे प्रश्न: खिडकीबाहेर उजेड हवा

प्रश्न: मी फोंड्याची, निवृत्त शिक्षिका. जन्मभर मुलांकडून नद्या आणि पर्वत पाठ करून घेतले. आता एकदा पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत देश आडवा, रेल्वेने, बघत बघत पार करावा असे मनात आहे. यजमान ७१ वर्षांचे आहेत. त्यांचे गुडघे दुखतात, मधुमेह आहे. मुलगा म्हणतो, विमानाने जा, उगाच हाल कशाला? कुठली गाडी, कुठला डबा, कुठला महिना, हे सांगाल का?

उत्तर: बाई, तुम्हाला नद्या बघायच्या आहेत आणि त्या विमानातून दिसत नाहीत, एवढे मुलाला सांगा आणि तिकीट काढा.

गाडी शोधायला लांब जायला नको. आपल्या वास्कोहून सुटणारी अमरावती एक्सप्रेस तुमच्या मनातलाच प्रवास करते. नाव आंध्रातल्या अमरावतीचे आहे, विदर्भात ती जात नाही. वास्को, मडगाव, कुळे, लोंढा, हुबळी, होस्पेट, गुंतकल, विजयवाडा, विशाखापट्टणम, भुवनेश्वर आणि शेवटी हावडा. २,१०० किलोमीटरच्या आसपास अंतर आहे आणि दीड दिवसाहून अधिक वेळ जातो. ती रोज सुटत नाही, म्हणून आधी वार बघा. तिकिटावर शेवटचे स्टेशन शालिमार दिसले तर गोंधळू नका, तेही हावडा शहरातच आहे.

मी रेल्वेत तिकीट तपासनीस होतो. वर्षानुवर्षे माणसे डब्यात चढताना बघितली. बहुतेकांनी गाडी निवडलेली असते ती किती तासांत पोचते हे बघून. बघण्यासाठी जाणाऱ्याने दुसरीच गोष्ट बघावी: कुठला मुलूख उजेडात येतो आणि कुठला काळोखात जातो. तुम्ही शिक्षिका, तुम्हाला हे काम आवडेल. वेळापत्रक घ्या, मोठ्या स्टेशनांच्या वेळा वहीत उतरवा आणि शेजारी त्या महिन्यातला सूर्योदय-सूर्यास्त लिहा. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. देशभर घड्याळ एकच असले तरी सूर्य एक नाही. गोवा साधारण ७४ रेखांशावर, कोलकाता ८८ च्या पुढे. दर अंशाला चार मिनिटे धरा, म्हणजे तिकडे सूर्य आपल्यापेक्षा जवळजवळ तासभर आधी उगवतो आणि हिवाळ्यात तर आपल्याकडे चहाची वेळ असताना मावळतो. डिसेंबरात गाडी दोन तास रखडली की ओडिशाच्या किनाऱ्यावरचे अख्खे चिलिका सरोवर काळोखात गेले म्हणून समजा.

म्हणून महिना मी फेब्रुवारी सांगेन. दिवस लांबू लागलेले असतात, आंध्रातला उन्हाळा अजून सोसवतो आणि बंगालच्या उपसागरातल्या वादळांची वेळ नसते. ऑक्टोबर-नोव्हेंबर टाळा. २०१३ चे फायलिन आणि २०१४ चे हुदहुद, दोन्ही ऑक्टोबरातच याच किनाऱ्यावर आदळली. फेब्रुवारीत दूधसागर बारीक झालेला असतो हे खरे. पण दूधसागर तुमच्या घराजवळच आहे, पावसाळ्यात एक दिवस काढून कुळेमार्गे लोंढ्यापर्यंत जाऊन या. देश पार करायचा तो कोरड्या दिवसांत.

फोंड्याहून मडगाव जवळ, तरी तुम्ही वास्कोलाच बसा. गाडी तिथूनच सुटते, त्यामुळे चढायला घाई होत नाही, गुडघ्यांना सवड मिळते. शिवाय तुम्ही वातानुकूलित डब्यात असाल तर एक काम तिथेच करायचे आहे. ओला रुमाल आणि जुने वर्तमानपत्र बरोबर न्या आणि फलाटावर उभे राहून आपल्या खिडकीची काच बाहेरून पुसा. आधी ओले, मग कोरडे. आतून कितीही पुसली तरी धूळ बाहेरच्या बाजूला असते आणि मग दोन दिवस सगळा देश मळकट दिसतो.

डबा कुठला? मला स्वतःला साधा शयनयान आवडतो. उघडी खिडकी, वारा, रानाचा वास, या गोष्टी काचेमागे मिळत नाहीत. पण एवढ्या लांब पल्ल्याला, ७१ व्या वर्षी, मी तुम्हाला टू-टायर एसीच सुचवेन. मधला बर्थ नसल्याने यजमानांना दिवसभर ताठ बसता येते आणि चादर-उशी मिळते. तिकीट काढताना खालच्या बर्थचा ज्येष्ठांचा कोटा मागा. पुरुषांना ६० आणि स्त्रियांना ४५ पूर्ण लागतात, आणि एका तिकिटावर दोघेच हवेत. तुम्ही दोघे आहात, नातवाला त्याच तिकिटावर घालू नका. भाड्यातली ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, तेव्हा पूर्ण भाडे धरूनच हिशोब करा. आरक्षण ६० दिवस आधी खुले होते. त्या सकाळीच काढा. साइड लोअर मिळाला तर दिवसा त्याच्यासारखी जागा नाही, दोघांनी समोरासमोर खिडकीशी बसावे. रात्री मात्र दोन आसने जोडून केलेला तो बर्थ मधल्या सांध्यात पाठीला टोचतो.

आता रस्ता. सावर्डे-कुडचडे गेले की रान दाट होत जाते आणि कुळेला गाडी जरा जास्त थांबते. तिथे मागच्या बाजूला इंजिने जोडतात, त्यांना आम्ही बँकर म्हणतो. जोडताना एक धक्का सगळ्या डब्यांतून पुढे सरकत येतो आणि बाटलीतले पाणी हलते. घाबरायचे काही नाही, त्याशिवाय घाट चढवत नाही. इथला चढ १:३७ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की गाडी १ मीटर वर. रेल्वेला हा फार मोठा चढ. पुढचे इंजिन ओढते, मागची ढकलतात, आणि वळणावर खिडकीतून आपल्याच गाडीची दोन्ही टोके दिसतात. ही वाट १८८८ मध्ये सुरू झाली, तेव्हा ती मीटरगेज होती, म्हणजे दोन रुळांत एकच मीटर अंतर. गोवामुक्तीपूर्वी कुळेला पोर्तुगिजांची जकात आणि कॅसलरॉकला पलीकडच्या राज्याची. तुमच्या यजमानांच्या वडिलांच्या पिढीने तिथे पेट्या उघडून दाखवल्या असतील. दूधसागर आधी दरीपलीकडून दिसतो, मग पुलावर अगदी जवळ येतो, तेव्हा अमुकच बाजू हवी असा हट्ट धरू नका, उठून बघा.

लोंढ्यानंतर रान संपते. धारवाड, हुबळी, मग गदगच्या बाजूची काळी माती आणि पवनचक्क्या. इथे जेवून घ्या आणि थोडे पडा, कारण होस्पेटच्या आधी जागे राहायचे आहे. मुनिराबादजवळ गाडी तुंगभद्रा ओलांडते. तिथून बळ्ळारीकडे जाताना एकावर एक रचल्यासारखे प्रचंड धोंडे दिसू लागतात. हंपी याच धोंड्यांतून उभी राहिली. उन्हे कलली की ते तांबूस होतात.

पहिली रात्र आंध्रात. नंद्याळच्या पुढे नल्लमलाचे जंगल काळोखात जाते, त्याला इलाज नाही. गुंटूर सोडून विजयवाड्यात शिरताना कृष्णा ओलांडता आणि त्यानंतर काही तासांनी, पहाटेच्या सुमारास, राजमहेंद्रीला गोदावरी. या दोघींसाठी गजर लावा. कृष्णा आपल्या महाबळेश्वरची, गोदावरी त्र्यंबकेश्वरची, आणि दोघी समुद्राजवळ आल्यावर कशा दिसतात ते मराठी माणसाने एकदा तरी बघायला हवे. राजमहेंद्रीचा कमानींचा पूल १९९७ चा, पावणेतीन किलोमीटरच्या जवळपास लांब. शेजारी १९०० सालचा जुना हॅवलॉक पूल उभा आहे, त्यावरून आता गाड्या जात नाहीत. पूल सुरू झाला की चाकांचा आवाज बदलतो. उजेड झालेला नसला तरी त्या आवाजाची लांबी ऐका. नाशिकच्या घाटावरून ज्या नदीच्या पलीकडे हाक पोचते, ती इथे एवढी झालेली असते.

विशाखापट्टणमला उतरा, असा माझा आग्रह आहे. सलग हावड्यापर्यंत जाता येते, पण यजमानांचे पाय सुजतील. तिथवरचे एक तिकीट, पुढचे वेगळे. एक रात्र हॉटेलात, संध्याकाळी समुद्रावर. या समुद्रात सूर्य मावळत नाही, उगवतो, एवढे बघितले तरी मिरामारवर वाढलेल्या माणसाला पुरते. दुसऱ्या दिवशी सकाळची भुवनेश्वरकडची गाडी धरा, म्हणजे चिलिका भर उजेडात येतो. वाटेत पलासाला डब्यात काजू विकायला येतात. तो मुलूखच काजूचा आहे. चव घेऊन आपल्याशी ताडून बघा.

ब्रह्मपूर सोडले की उजव्या हाताची खिडकी सोडू नका. डाव्या हाताला पूर्वघाटाचे डोंगर, उजव्या हाताला पाणी, रंभा ते बाळूगावच्या पट्ट्यात कितीतरी वेळ. खारे आणि गोडे पाणी मिसळणारे एवढे मोठे सरोवर आशियात दुसरे नाही. १९८१ पासून ते महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे. हिवाळी पाहुणे पक्षी फेब्रुवारीत अजून असतात. पुढे कटकला महानदी. तुमच्या पाठांतरातल्या चार मोठ्या नद्या झाल्या.

खाण्याचे थोडक्यात: पहिल्या दिवसाच्या चपात्या आणि सुकी भाजी घरून. ओले खोबरे घातलेले काही नेऊ नका, दुपारपर्यंत आंबते. यजमानांच्या जेवणाच्या वेळा गाडीच्या भरवशावर ठेवू नका, चणे-शेंगदाणे आणि बिस्किटे हाताशी असू द्या. इन्सुलिन घेत असतील तर गार पाण्याने खळबळलेल्या थर्मासात ठेवा, बर्फाला थेट लावू नका. औषधांची पिशवी उशीपाशी, आसनाखालच्या बॅगेत नव्हे. काही लागले तर रेल्वेचा मदत क्रमांक १३९ फिरवा.

प्रश्न: मी कुडचड्याचा, कॉलेजात शिकतो. पावसात गाडी दूधसागरला हळू होते तेव्हा मित्र उतरून रुळांवरून चालत जातात. दंड किती आहे?

उत्तर: बाळा, दंडाचे विचारतोस म्हणून सांगतो. रेल्वे कायद्याचे १४७ कलम लागते, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. पण तू दंडासाठी नको, दुसऱ्या कारणासाठी थांब. पावसात तिथे धबधब्याचा आवाज इतका असतो की मागून येणारे इंजिन ऐकू येत नाही. बोगद्यात आणि पुलावर बाजूला व्हायला पुरेशी जागा नाही. आणि उतारावरची लांब मालगाडी चालकाने तुला बघितल्याबरोबर ब्रेक दाबला तरी तुझ्याआधी थांबत नाही. घाटात काम केलेला कुठलाही माणूस हे तुला सांगेल. मित्रांनाही सांग.

धबधबा पायथ्याशी जाऊन बघायचा तर पावसाळा संपल्यावर कुळेहून अभयारण्यातून जीपगाड्या जातात. पावसात बघायचा तर गाडीत बसून, दार बंद ठेवून बघ.

प्रश्न: माझी मुलगी कॅनडात मिसिसागाला असते. पुढच्या वर्षी आम्ही पती-पत्नी तिच्याकडे जाणार आहोत. टोरोंटोहून व्हँकूव्हरला जाणाऱ्या गाडीबद्दल ऐकले. म्हापशाच्या साध्या माणसांना ती झेपेल का?

उत्तर: भाऊ, झेपेल, फक्त खिसा आणि महिना बघून ठरवा. गाडीचे नाव कॅनेडियन. ४,४६६ किलोमीटर, चार रात्री. स्टेनलेस स्टीलचे डबे १९५० च्या दशकातले आहेत आणि काही डब्यांना वर काचेचा घुमट आहे, तिथे बसून चहूकडे बघता येते.

जागा तीन तऱ्हेच्या धरा. नुसती खुर्ची, तिच्या भाड्यात जेवण नाही आणि चार रात्री बसून काढणे या वयात नको. खाजगी खोली, ती महाग. आणि मधला मार्ग म्हणजे बर्थ: दिवसा समोरासमोर आसने, रात्री त्यांचेच खालचे-वरचे बिछाने आणि जाड पडदा. आपल्या टू-टायरमध्ये झोपलेल्या माणसाला त्यात नवे काही नाही. भोजनयानातले जेवण आणि अंघोळीची सोय त्यात येते. वरचा बर्थ खालच्यापेक्षा स्वस्त असतो. शाकाहारी असाल तर तिकीट काढतानाच सांगा.

उजेडाचा हिशोब इथेही तोच. तो देश उत्तरेला आहे, डिसेंबरात दिवस अगदी तोकडा, दुपार सरते न सरते तोच काळोख. मे अखेर ते सप्टेंबर या काळात जा. ओंटारिओची रानें आणि तळी दिवसभर सरत नाहीत, मग मॅनिटोबा-सॅस्कॅचेवानची सपाट शेते, आणि शेवटी जास्परपासून रॉकीज. जास्परच्या पश्चिमेला ३,९५४ मीटरचे माउंट रॉबसन येते. तो टप्पा दिवसा पडतो का, एवढे वेळापत्रकात आधी बघा आणि त्यावरून जायची दिशा ठरवा. उन्हाळ्यात तिकडे वणवे लागतात. जुलै २०२४ मध्ये जास्पर गावाचा मोठा भाग जळाला. म्हणून निघण्याआधी बातम्यांवर लक्ष ठेवा.

आणि घड्याळ. वाटेत वेळेचे चार पट्टे लागतात, जेवणाची वेळ डब्यातल्या माणसाला विचारूनच पाळा. रूळ बहुतांश मालवाहतुकीच्या कंपनीचे आहेत. समोरून लांबच लांब मालगाडी आली की प्रवासी गाडी बाजूच्या रुळावर थांबते, आणि असे थांबणे साचत साचत काही तासांचा उशीर सहज होतो. बघायला निघालेल्याला त्याचे दुःख नाही. पण व्हँकूव्हरहून परतीचे विमान गाडी पोचायच्या दिवशीचे काढू नका, मध्ये निदान एक रात्र ठेवा.