सही २० तारखेची, त्रास १६ तारखेचा

अल्झायमरच्या सुरुवातीच्या टप्प्यात असलेले तुमचे वडील एका नव्या औषधाच्या क्लिनिकल ट्रायलमध्ये सहभागी झाले. ११ जानेवारीला त्यांना चौथे इन्फ्युजन (शिरेतून दिला जाणारा औषधाचा डोस) दिले गेले, १९ तारखेला फिटचा झटका आल्याने भरती करावे लागले आणि एमआरआयमध्ये मेंदूला सूज व बारीक रक्तस्राव निघाला. २० तारखेला ‘स्वेच्छेने चाचणीतून माघार’ अशा शीर्षकाच्या कागदावर त्यांची सही घेतली गेली आणि साक्षीदार म्हणून तुमची. त्यानंतर ‘आता ते चाचणीत नाहीत, हा त्रास मूळ आजाराचाच आहे’ असे सांगून उरलेल्या सव्वीस दिवसांच्या उपचारांचे बिल तुमच्याकडून भरून घेतले. आज ते आधाराशिवाय चालू शकत नाहीत आणि शब्द अडखळतात. या घटनेला सात महिने झाल्यावर तुम्ही विचारता की त्या सहीनंतर आमचा काही हक्क उरतो का.

पार्किन्सन्स, अपस्मार, पक्षाघात अशा मेंदूच्या आजारांवरील चाचण्यांत सहभागी झालेल्यांच्या नातेवाइकांकडून याच धर्तीची पत्रे मला वारंवार येतात, आणि बहुतेकांत असा एखादा माघारीचा कागद असतोच. सहभाग ऐच्छिक असतो, संमती केव्हाही मागे घेता येते, या गोष्टी तुम्हाला ठाऊक आहेत, म्हणून त्यांत वेळ घालवत नाही. तुमचे प्रकरण एका तारखेवर उभे राहील किंवा पडेल. ती तारीख २० नव्हे, १६ जानेवारी आहे.

तुम्ही पाठवलेल्या छायाचित्रांत सर्वांत शेवटी, जणू महत्त्वाचे नसल्यासारखे, चाचणीच्या डायरीचे एक पान आहे. आईंच्या हस्ताक्षरात १६ तारखेखाली लिहिले आहे: ‘सकाळपासून डोके दुखते. चष्मा तीनदा पुसला. घड्याळाचे काटे दोन दोन दिसतात म्हणाले.’ आणि त्याखाली: ‘११.२० ला कोऑर्डिनेटरला फोन. पुढच्या भेटीत बघू म्हणाले.’ तुमच्या पाच पानी पत्रात या नोंदीचा उल्लेखही नाही, आणि माझ्या मते त्या पत्रापेक्षा या चार ओळींचे वजन अधिक आहे.

कारण असे. ‘नवी औषधे आणि क्लिनिकल चाचण्या नियम, २०१९’ यांतील नियम ३९ नुसार भरपाईचा हक्क चाचणीदरम्यान झालेल्या इजेसाठी आहे. इजा चाचणीदरम्यान झाली असेल, तर सहभागीने नंतर माघार घेतली म्हणून ती चाचणीबाहेरची ठरत नाही. माघार पुढच्या काळापुरती असते, झालेल्या गोष्टी ती पुसू शकत नाही. त्यामुळे समोरच्या पक्षाला दोनच वाटा उरतात: त्रास २० तारखेनंतर सुरू झाला असे म्हणणे, किंवा तो औषधाचा नसून आजाराचा आहे असे म्हणणे. १९ तारखेची भरती त्यांच्याच नोंदींत असल्याने पहिली वाट मुळातच लंगडी आहे. दुसरी अधिक धोक्याची आहे, आणि तिथे १६ तारीख तुमच्या कामाला येते.

मेंदूच्या आजारांवरील संशोधनातली अडचण अशी की औषधाने होणारी इजा आणि मूळ आजार वरवर सारखेच दिसतात. गोंधळ वाढणे, चालताना तोल जाणे, शब्द न सापडणे हे सगळे अल्झायमरमध्येही होते, त्यामुळे ‘आजार बळावला’ हे उत्तर देणाऱ्याला फार सोपे जाते. पण आजार बळावतो तो महिन्यामहिन्यांनी. इन्फ्युजननंतर पाचव्या दिवशी डोकेदुखी आणि दुहेरी दिसणे, आठव्या दिवशी झटका, असा त्याचा वेग नसतो. तुम्ही कळवलेले औषध अमायलॉइड या प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडांच्या वर्गातले आहे. या वर्गातल्या औषधांनी मेंदूला सूज येणे आणि सूक्ष्म रक्तस्राव होणे हा सुपरिचित दुष्परिणाम आहे आणि त्याला ‘आरिया’ असे संक्षिप्त नाव आहे. लेकॅनेमॅब या औषधाच्या १,७९५ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात औषध घेणाऱ्यांपैकी १२.६ टक्के रुग्णांत सुजेचा प्रकार आढळला, तर प्लासिबो (तुलनेसाठी दिला जाणारा, औषध नसलेला डोस) घेणाऱ्यांत तो १.७ टक्के होता. बहुतेकांना लक्षणे जाणवत नाहीत. ज्यांना जाणवतात त्यांच्यात डोकेदुखी, गोंधळ, चक्कर, दृष्टीतले बदल आणि क्वचित झटके दिसतात. हा दुष्परिणाम बहुधा पहिल्या काही डोसांच्या काळात होतो, आणि एपीओई-४ जनुकाच्या दोन प्रती असलेल्यांत त्याचा धोका अधिक असतो. म्हणूनच अशा चाचण्यांत ठरावीक डोसांच्या आधी एमआरआय करून पाहणे चाचणीच्या मंजूर योजनेतच (प्रोटोकॉलमध्ये) लिहिलेले असते. शिवाय माघारीच्या सहीने औषध शरीरातून निघून जात नाही, शेवटच्या डोसानंतरही ते काही आठवडे रक्तात राहते. तुमच्या आईंना यातले काहीही ठाऊक नव्हते, तरी त्यांनी जे पाहिले ते लिहून ठेवले आणि ज्याला कळवायचे त्याला त्याच दिवशी कळवले.

नियम ४१ मध्ये इजा चाचणीशी संबंधित केव्हा मानायची याची कारणे दिली आहेत. त्यांतली दोन तुमच्यासाठी महत्त्वाची आहेत: चाचणीतील औषधाचा दुष्परिणाम, आणि मंजूर योजनेचा भंग किंवा प्रायोजकाचा (चाचणी करवून घेणाऱ्या कंपनीचा वा संस्थेचा) अथवा संशोधक डॉक्टरांचा हलगर्जीपणा. डोकेदुखी आणि दृष्टिदोष कळवल्यावर तातडीने तपासणी करावी असे योजनेत लिहिलेले असेल, आणि या वर्गातल्या औषधांच्या योजनेत ते असण्याची शक्यता मोठी आहे, तर ‘पुढच्या भेटीत बघू’ हे वाक्य दुसऱ्या कारणात बसते. योजना मी पाहिलेली नसल्याने याहून ठामपणे लिहीत नाही.

आता त्या कागदाबद्दल. त्याच्या दुसऱ्या परिच्छेदात ‘यापुढे कोणतीही मागणी करणार नाही’ असे शब्द आहेत. सहभागीला त्याच्या कायदेशीर हक्कांवर पाणी सोडायला लावणारी भाषा वापरू नये, हे चांगल्या क्लिनिकल कार्यपद्धतीच्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांत स्पष्ट आहे. करार कायद्याच्या कलम १२ नुसार करार करणाऱ्याला करतेवेळी त्याचा अर्थ आणि आपल्या हितावरचा परिणाम समजणे आवश्यक असते. कलम १६ तर आजारामुळे मानसिक क्षमता बाधित झालेल्या व्यक्तीवरील अनुचित प्रभावाचा वेगळा उल्लेखच करते. झटका येऊन चोवीस तास झालेले नसताना, मेंदूला सूज असताना, स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची घेतलेली ही सही टिकण्याची शक्यता मला कमी वाटते. मात्र त्याखाली साक्षीदार म्हणून तुमची सही आहे, आणि ‘त्यांना समजावून सांगितले, त्यांना समजले’ हे छापील वाक्य तिच्या बरोबर वर आहे.

इथे मला स्पष्ट बोलावे लागेल. तुम्ही लिहिता की ‘घाईत होतो, वाचले नाही.’ संमतीपत्राची तुमची प्रतही घर बदलताना हरवली. ती सहभागीला द्यावी लागते, ती तुम्हाला मिळाली होती, आणि प्रायोजकाचे नाव, सहभागीचा क्रमांक, एथिक्स कमिटीचा (सहभागींच्या हितासाठी चाचणीवर देखरेख ठेवणाऱ्या समितीचा) पत्ता, भरपाईचे कलम हे सगळे त्याच कागदावर असते. घरातले भाड्याचे करारपत्र लोक वर्षानुवर्षे जपून ठेवतात, आणि वडिलांच्या मेंदूवर प्रयोग करण्याची परवानगी दिलेला कागद मात्र सापडत नाही, हे मी अनेक घरांत पाहिले आहे आणि दर वेळी त्याचे दुःख होते. त्यानंतरचे सात महिने तुम्ही तोंडी विनवण्यांत घालवले. एकही लेखी अर्ज केला नाही. ही सात महिन्यांची शांतता उद्या तुमच्याविरुद्ध वापरली जाईल, तेव्हा ती या आठवड्यातच मोडायला हवी.

बिलाचा मुद्दा त्या मानाने सरळ आहे. नियम ४० म्हणतो की चाचणीदरम्यान सहभागीला इजा झाली तर प्रायोजकाने विनामूल्य उपचार द्यायचे: संशोधक डॉक्टरांच्या मते गरज असेल तोवर, किंवा इजेचा चाचणीशी संबंध नाही हे सिद्ध होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत. संबंध आहे हे तुम्ही आधी सिद्ध करा आणि मग उपचार मिळवा, असा हा क्रम नाही. म्हणून विचारायचा प्रश्न एवढाच: संबंध नाही हे कोणी, कोणत्या तारखेला, कोणत्या कागदाने ठरवले? वॉर्डात उभ्या डॉक्टरांनी ‘आजाराचेच आहे’ म्हणणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे. तसा कागद २० तारखेनंतरचा असेल तर त्याआधीचा खर्च तरी निर्विवाद प्रायोजकाचा आहे, आणि कागदच नसेल तर पूर्ण बिल परत मागता येईल असे माझे मत आहे.

असा कागद आहे की नाही हे शोधण्याची सोय नियमांतच आहे. बाह्यरुग्ण म्हणून येणाऱ्या सहभागीला भरती करावे लागणे ही व्याख्येनेच गंभीर प्रतिकूल घटना असते. संशोधक डॉक्टरांनी ती २४ तासांत केंद्रीय परवाना प्राधिकरण (म्हणजे भारताचे औषध महानियंत्रक), प्रायोजक आणि एथिक्स कमिटी यांना कळवायची असते. विश्लेषणासह अहवाल १४ दिवसांत द्यायचा असतो, एथिक्स कमिटीने आपले मत ३० दिवसांत पाठवायचे असते, आणि तज्ज्ञ समिती नेमली तरी महानियंत्रकांचा आदेश ९० दिवसांच्या आत अपेक्षित असतो. आदेशानंतर ३० दिवसांत प्रायोजकाने रक्कम द्यायची. या सर्व मुदती त्यांच्यावर आहेत. तुमच्या वडिलांची घटना कळवली गेली असेल तर जानेवारीतच तिची नोंद झालेली असणार, आणि तिच्यात लक्षणे कधी सुरू झाली ही तारीख लिहावीच लागते. तिथे १९ लिहिले आहे की १६, हे मला सर्वांत आधी पाहायचे आहे. कळवलीच गेली नसेल, तर तो नियमभंगच तुमची बाजू बळकट करतो.

तेव्हा एथिक्स कमिटीच्या अध्यक्षांना एक पानी अर्ज करा, प्रती प्रायोजकाला आणि औषध महानियंत्रकांना द्या. तक्रारींची जंत्री नको. परिचारिका उद्धट होती, खोली उशिरा मिळाली, हे सगळे वगळा. १६ तारखेची लक्षणे, ११.२० चा फोन, १९ ची भरती, २० ची सही, आणि नियम ३९ व ४० खालील मागणी, इतकेच लिहा. आईंच्या फोनचा त्या दिवसाचा कॉल तपशील मोबाइल कंपनीकडून आजच मागवा, कारण अशा नोंदी कायम ठेवल्या जात नाहीत. प्रायोजकाचे नाव आणि चाचणीचा तपशील क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडियावर मिळेल. पहिला सहभागी घेण्याआधी तिथे नोंदणी करणे बंधनकारक आहे. रुग्णालयाकडे वैद्यकीय कागदपत्रांची लेखी मागणी करा. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेच्या २००२ च्या विनियमांनुसार ती ७२ तासांत द्यावी लागतात. एमआरआयचे फक्त अहवाल घेऊ नका, चाचणीआधीच्या आणि १९ तारखेच्या प्रतिमांची सीडी मागा, म्हणजे स्वतंत्र न्यूरॉलॉजिस्टला त्या शेजारी ठेवून पाहता येतील. चाचणीत घेताना झालेल्या स्मृतिपरीक्षेचे गुणही मागा. या औषधांच्या चाचण्यांत सौम्य अवस्थेतलेच रुग्ण निवडतात, त्यामुळे ‘ते आधीच खालावलेले होते’ या म्हणण्याला त्यांचीच नोंद उत्तर देईल.

काही गोष्टी मात्र मी आत्ता सांगू शकत नाही. वडिलांना औषध मिळत होते की प्लासिबो, हे कोणाला काय दिले याची गुप्त नोंद असलेला सांकेतिक क्रमांक उघडल्याशिवाय कळणार नाही. प्लासिबो निघाले तर वाट अवघड होते, पूर्ण बंद होत नाही, कारण चाचणीतील एखाद्या प्रक्रियेमुळे झालेली इजाही नियम ४१ मध्ये येते. भरपाईची रक्कम याच नियमांच्या सातव्या अनुसूचीतील सूत्राने ठरते आणि कायमच्या अपंगत्वात ती टक्केवारीवर अवलंबून असते. ते प्रमाणपत्र हाती येण्यापूर्वी आकडा सांगणे बेजबाबदारपणाचे होईल. ग्राहक आयोगाचा पर्याय तुम्ही सुचवला आहे. तिथे घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे, पण विनामूल्य चाचणीतला सहभागी ‘ग्राहक’ ठरतो का यावरच आधी वाद होईल. शिवाय तीन ते पाच महिन्यांत निकाल द्यावा असे कायदा म्हणत असताना तारखा वर्षानुवर्षे पडत राहतात. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाकडे इतका वेळ नसतो, आणि आपली न्यायव्यवस्था हे कधी लक्षात घेणार, हा माझा जुना संताप आहे. दोन वर्षांची मुदत डायरीत नोंदवून ठेवा, पण सुरुवात तिथून करू नका. महानियंत्रकांनी मुदतीत दखल घेतली नाही तर त्यांना निर्देश देण्यासाठी उच्च न्यायालयात रिट याचिका करता येईल, आणि तीही या लेखी अर्जाशिवाय उभी राहणार नाही.

शेवटी डायरीबद्दल. पुढच्या भेटीला कोऑर्डिनेटर ती ‘रेकॉर्डसाठी’ मागतील असे तुम्ही लिहिले आहे. मूळ डायरी पोच घेतल्याशिवाय देऊ नका, आणि देण्यापूर्वी प्रत्येक पानाची प्रत काढून आईंकडून त्यावर तारखेसह सही घ्या. १६ तारखेला त्यांनी काय पाहिले, हे त्यांच्याच शब्दांत प्रतिज्ञापत्रावर लिहून घेण्यासाठी त्यांना या आठवड्यात माझ्याकडे किंवा जवळच्या वकिलांकडे घेऊन जा.