बेट एक, सरडे डोंगरागणिक वेगळे

प्रश्न : श्रीलंका एवढंसं बेट. मग तिथले शिंगवाले सरडे सगळीकडे का सापडत नाहीत? नोंदींचा नकाशा करताना काय सांभाळावं?

उत्तर : बेट महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याएवढं असलं, तरी नैर्ऋत्येला वर्षाला २५०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि उत्तर-पूर्व भाग बराच कोरडा आहे. त्यात सेराटोफोरा वंशातले हे सरडे दमट, सावलीच्या जंगलाबाहेर सहसा टिकत नाहीत. म्हणून मधली उष्ण दरी त्यांना समुद्राइतकीच अडवते. त्यांच्या जाती अशा विभागल्यात : मध्य डोंगराळ भागात स्टोडार्टी, महावेलीच्या खोऱ्यापलीकडे नकल्स डोंगररांगेवर टेनेन्टी, सिंहराजासारख्या सखल वर्षावनात अ‍ॅस्पेरा, रकवाना टेकड्यांत एर्डेलेनी आणि कारू. स्यूडोफिलॉटस बेडकांचंही बहुतांशी असंच. त्यांच्यात पाण्यात पोहणारं शेपटीवालं पिल्लू (टॅडपोल) नसतं. अंड्यातून थेट छोटा बेडूक निघतो. पण माती किंवा पान सुकलं की अंडी मरतात.

नकाशासाठी प्रत्येक नोंदीला अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख आणि अधिवास हवाच. जुन्या नमुन्यावर नुसतं ‘सिलोन’ लिहिलेलं असेल तर तो बिंदू टाकू नका. सर्वांत घातक चूक म्हणजे बिंदूंभोवती एकच मोठी रेघ ओढणं. त्यात कोरड्या दऱ्या आणि चहामळेही येतात आणि प्राणी आहे त्यापेक्षा सुरक्षित भासतो. आणि फक्त शिंगावरून जात ठरवू नका. माद्यांत आणि पिल्लांत ते बारीक असतं, कधी नसतंच.