नाशिकच्या रामकुंडाजवळ उघड्यावर झोपणाऱ्यांसाठी मंडळातर्फे वर्गणी काढायची आहे, सुरुवात कशी करू?

आधी परवानगी. मंडळ नोंदणीकृत न्यास नसेल, तर वर्गणीआधी धर्मादाय आयुक्त कार्यालयातून महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली परवानगी काढा, गणेशोत्सवाला काढतो तशीच. किंवा ८० जी, म्हणजे देणगीवर करसवलत देणारी आयकर नोंदणी, असलेल्या संस्थेला सोबत घ्या. जुनी करप्रणाली निवडणाऱ्या देणगीदाराला करसवलत मिळते. मात्र २,००० रुपयांवरची रोख देणगी त्यात बसत नाही, म्हणून मोठी रक्कम चेकने किंवा यूपीआयनेच घ्या.

आता पैसा कशाला लावायचा? कृपा करून सगळा ब्लँकेटवर घालवू नका. आम्ही एका थंडीत गोदाघाटावर ब्लँकेटं वाटली. पाठीला गोणपाट बांधलेल्या एका आजींनी हात जोडून परत केलं. म्हणाल्या, "बाळा, दिवसा हे ठेवू कुठं?" त्या दिवसापासून आम्ही आधी विचारतो, मग आणतो. बहुतेकांना हवं असतं ते आधार कार्ड, डोळ्यांची तपासणी, सामान ठेवायला कुलपाची पेटी आणि रात्रीचा निवारा.

निवाऱ्यासाठी महापालिकेला धरा. शहरी गरिबांसाठीच्या केंद्राच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा (ते २०२४ मध्ये संपलं) निकष होता, १ लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची सोय. २०११ च्या जनगणनेत नाशिक १४ लाख ८६ हजारांचं होतं, म्हणजे जवळपास पंधराशे जागा. ही मागणी लेखी द्या.

भागीदार जवळच आहेत: मेडिकलवाले, केटरर, कॉलेजातली एनएसएसची (राष्ट्रीय सेवा योजनेची) मुलं. त्यांच्याकडे पैसे मागू नका, महिन्यातला एक ठरलेला दिवस मागा.