मोठी जागा घेण्याआधी करारातलं क्लायंटबद्दलचं कलम वाचा

तुमचा प्रश्न वाचला आणि जुनी खपली निघाली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: थेरपिस्ट म्हणून स्वतंत्र प्रॅक्टिस सुरू करून दोनेक वर्षं झाली, दहातले सात क्लायंट एकाच मध्यस्थ कंपनीकडून येतात (नोकरदारांना त्यांच्या मालकाच्या खर्चाने समुपदेशन मिळवून देणारी), बिलं महिनोन् महिने अडकतात, आता त्यांनी सेशनच्या नोट्स मागितल्यात. आणि तरीही डायरी भरलेली असते म्हणून दोन खोल्यांची जागा घेऊन सोबत एक थेरपिस्ट ठेवावा का, हा प्रश्न. नोंदणी, कन्सेंट फॉर्म, सुपरव्हिजन हे सगळं जागच्या जागी असणार असं धरून चालते. मी वकील नाही, तेव्हा करार एखाद्या जाणकाराला दाखवाच. पुढचं सगळं माझ्या अनुभवावरून बनलेलं मत आहे.

जागा घेऊ नका. निदान आत्ता तरी नाही. त्या सात जणांना तुमच्याकडे पाठवायचं की नाही हे दुसरंच कुणीतरी ठरवतंय. भाडं मात्र तुमच्या नावावर चढणार.

माझीही बरीचशी कामं अशाच एका ठिकाणाहून यायची. नाव घेत नाही. त्यांचा कारभार असा: प्रत्येक क्लायंटला एक मंजुरी क्रमांक, त्यावर ठरावीक सेशन्स आणि एक शेवटची तारीख. क्लायंट तापाने आडवा झाला, महिनाअखेरचं सेशन दोन तारखेवर गेलं, की बिल परत. शेरा, ‘मंजुरीच्या मुदतीबाहेर’. फोन केला तर उत्तर, ‘मॅडम, सिस्टीम घेत नाही.’ नवी मंजुरी मागायची, तर ती अर्जाच्या तारखेपासून लागू होणार. म्हणजे झालेलं सेशन दोन्हींच्या मधल्या फटीत. ते पैसे बुडाले असंच समजायचं.

शिवाय पुढची सेशन्स हवी असतील तर ‘गरज का आहे’ याची एक चौकट भरायची, जेमतेम दोन ओळी मावतील एवढी. ‘सुधारणा आहे’ लिहिलं तर सेशन्स बंद. ‘सुधारणा नाही’ लिहिलं तर थेरपिस्ट बदलू का, अशी विचारणा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. यात आपण कधी हातचं राखून लिहायला लागतो ते आपल्यालाही कळत नाही.

पण पैशाचं एकवेळ जाऊ द्या. खरा फटका बसला तो काम थांबलं तेव्हा. त्यांनी दर खाली आणले, मी नव्या दराला नकार कळवला, आणि दुसऱ्या दिवशी माझं लॉगिन बंद. सगळ्या मंजुऱ्या एका फटक्यात रद्द. करारात कलम होतं की संबंध संपल्यावर वर्षभर ‘कंपनीचे क्लायंट’ घ्यायचे नाहीत, ते स्वतःच्या खिशातून फी भरायला तयार असले तरीही. त्यांना काय झालं हे कळवायचं कामही कंपनीचंच. आणि त्यांनी काय कळवलं? ‘तुमच्या थेरपिस्ट सध्या उपलब्ध नाहीत.’ एक जण तर (तपशील मुद्दाम पुसट ठेवलाय) फार दिवसांनी घरातल्या एका मृत्यूबद्दल बोलायला लागला होता. पुढच्या वेळी नीट बोलू असं म्हणून उठला होता. थेरपीचा शेवट हा थेरपीचाच भाग असतो असं आपण शिकतो, शिकवतो, आणि तो शेवट हिशेबखात्यातला कुणीतरी एका क्लिकवर करून मोकळा होतो. मी निरोपाची दोन सेशन्स फुकट घेऊ द्या म्हणून लिहिलं. उत्तर आलं की हा विषय त्यांच्या विभागाचा नाही. कोणत्या विभागाचा, ते अजूनही कळलेलं नाही.

म्हणून तुमचा करार आज रात्रीच काढा आणि ‘समाप्ती’चं कलम वाचा. करार संपल्यावर सुरू असलेल्या क्लायंटसोबत समारोपाची सेशन्स घेता येतात का? क्लायंटने स्वतःहून तुमच्याकडेच राहायचं म्हटलं तर तुम्हाला मनाई आहे का, आणि किती काळ? क्लायंटला कोण कळवणार? याची उत्तरं कागदावर नसतील तर ईमेलने विचारा, फोनवर नको. फोनवरच्या गोड माणसाची बदली होते.

आता नोट्स. इथे मी हट्टी आहे. आपल्याकडे दोन प्रकारचं लिखाण असतं. एक अधिकृत नोंद: तारीख, वेळ, कोणत्या पद्धतीने काम चाललंय, जोखीम तपासली का, पुढची दिशा. दुसरं आपलं स्वतःचं टिपण: क्लायंटने काय सांगितलं, आपल्याला काय वाटलं, कुठे शंका आली. हे दुसरं कुणालाही द्यायचं नसतं, आणि दोन्ही एका वहीत किंवा एका फाइलीत ठेवायचंही नसतं. अमेरिकेच्या हिपा नियमांत (रुग्णांच्या माहितीच्या गोपनीयतेचे) हा फरक स्पष्ट केलेला आहे. वेगळी ठेवलेली टिपणं दिल्याशिवाय पैसे देणार नाही, अशी अट विमा कंपनीला तिथे घालता येत नाही. तुमच्याकडचा कायदा काय म्हणतो ते बघावं लागेल, पण वेगळं ठेवायची सवय कुठेही कामाला येते. कंपनीला लिहा की उपस्थितीची नोंद आणि क्लायंटच्या लेखी संमतीने दोन ओळींचा गोषवारा मिळेल, त्यापलीकडे नाही. आणि काय पाठवणार ते क्लायंटला आधी दाखवा. माझ्याकडे एकीने निघता निघता, दाराच्या मुठीवर हात ठेवून विचारलं होतं, ‘तुम्ही हे लिहिताय ते आमच्या ऑफिसात जातं का?’ तोवर ती किती गोष्टी गाळून बोलत होती कुणास ठाऊक.

हे अतिरेकी वाटत असेल तर फिनलंडमधल्या वास्तामोचं प्रकरण शोधून वाचा. खासगी मानसोपचार केंद्रांची मोठी साखळी. सुमारे ३३ हजार जणांच्या नोंदी चोरीला गेल्या, २०२० मध्ये थेट रुग्णांनाच खंडणीचे ईमेल गेले, आणि पुढच्या वर्षी कंपनी दिवाळखोरीत निघाली. लोकांनी खोलीत सांगितलेलं लिहून ठेवलं होतं, तेच बाहेर आलं. जे लिहिलंच नाही ते चोरीला जात नाही.

मग वाढायचं कसं? नव्या क्लायंटच्या मागे धावण्याआधी जुने का गळतात ते बघा. २०१२ मध्ये स्विफ्ट आणि ग्रीनबर्ग यांनी ६६९ अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा साधारण पाचातला एक जण थेरपी अर्धवट सोडतो असं दिसलं. तुमच्याकडचं प्रमाण काढा. माझ्या अंदाजाने बरेच जण पहिल्या काही भेटींत जातात, कारण आपण इतिहास विचारत बसतो आणि ‘इथे नक्की काय करायचंय’ हे एकत्र ठरवायचं राहून जातं. पीएचक्यू-९ (नैराश्याची लक्षणं मोजणारी) सारखी छोटी प्रश्नावली दर काही सेशन्सनी भरून घ्या. नऊ प्रश्न, २७ पैकी गुण. आकड्याला फार महत्त्व देऊ नका, पण आकडा हलत नसेल तर त्यावर बोलायला निमित्त मिळतं, आणि माणूस गुपचूप निघून जाण्याऐवजी तोंडावर सांगतो की जमत नाहीये.

बाकी सुटं सुटं, आठवेल तसं.

बुडवलेल्या सेशनची फी घ्या. फ्रॉइडने १९१३ मध्येच लिहून ठेवलंय की तास रुग्णाच्या नावे दिलेला आहे, तो आला नाही तरी देणं लागतो. मी इतकी कडक नाही, आदल्या दिवशी कळवलं तर सोडते. पण नियम पहिल्या भेटीतच सांगायचा, पहिल्या दांडीनंतर नाही. सवलतीच्या फीत किती क्लायंट घेणार ते आधीच मोजून ठेवा, नाहीतर जो जास्त अवघडून विचारतो त्याला सवलत आणि जो विचारतच नाही त्याला पूर्ण फी, असं होतं.

क्लायंटकडून कौतुकाचे अभिप्राय मागू नका. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या आचारसंहितेत, थेरपी सुरू असलेल्यांकडून ते मागायला मनाई आहे, आणि ती मला पटते. ऑनलाइन कुणी वाईट लिहिलं तर तिथे उत्तरही देऊ नका. ‘तुमच्या बाबतीत असं झालं नव्हतं’ एवढं लिहिलं तरी ती व्यक्ती तुमची क्लायंट होती हे तुम्हीच जाहीर केलंत.

तुम्हाला अचानक काही झालं तर क्लायंटना कोण कळवणार, याची लेखी सोय एका विश्वासू सहकाऱ्याकडे करून ठेवा. अशुभ म्हणून सगळे टाळतात.

सोबत थेरपिस्ट ठेवण्याबद्दल: तुमच्या स्वतःच्या नावावर येणारे लोक, म्हणजे डॉक्टर, जुने क्लायंट, सहकारी यांनी पाठवलेले, निम्म्याच्या वर जाईपर्यंत थांबा. नाहीतर उद्या कंपनीने हात आखडता घेतला तर दोघांची चूल एकाच आटलेल्या कामावर. डॉक्टरांशी ओळख वाढवायची तर माहितीपत्रकं वाटू नका. त्यांनी पाठवलेला माणूस तुमच्याकडे पोचला, एवढं त्याच्या परवानगीने एका ओळीत कळवा. फार कमी जण कळवतात, म्हणून लक्षात राहतं.

जागेवर सही कधीपर्यंत करायची ते तुम्ही लिहिलेलं नाही. तारीख जवळ आली असेल तर मालकाकडे मुदत मागा, किंवा दुसरी खोली आठवड्यातले दोनच दिवस मिळते का विचारा. आणि जी घ्याल तिचं दार लावून आत कुणाला तरी साध्या आवाजात बोलायला सांगा, बाहेर खुर्चीवर बसून ऐका. पहिल्या जागेत मला बाहेरून शब्द न् शब्द ऐकू येत होता.