८६वा मजला की १०२वा?

प्रश्न: जूनमध्ये लेकीकडे न्यूयॉर्कला जातोय. एम्पायर स्टेटच्या कुठल्या मजल्यावर जावं?
– एक वाचक, गुहागर

उत्तर: ८६वाच घ्या. ३२० मीटरवरची ही गच्ची चारी बाजूंनी उघडी आहे. १०२वा काचबंद, शिवाय त्याचे पैसे जादा. वाऱ्याने टोपी उडते, फोनची दोरी मनगटात अडकवा. काचेआडून फोटो काढताना फोन काचेला टेकवा, नाहीतर आपलंच प्रतिबिंब येतं.

तिकिटावर वेळ ठरलेली असते. जूनमध्ये तिथे सूर्य मावळतो साडेआठच्या सुमारास, आपल्यासारखा सव्वासातला नव्हे. तासभर आधीची वेळ घ्या. ढग उतरले तर मात्र पावसाळ्यातला आंबा घाट, खालचं काहीच दिसत नाही! म्हणून हवामान बघूनच तिकीट काढा. फोटोत एम्पायर स्टेटच हवी असेल तर रॉकफेलर सेंटरचा ७०वा मजला गाठा.